पुढच्या खेळाडूने मागे बघू नये

मुरबे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाविका,

तुझा फोन काकूंच्या कपाटात आहे, असं मेहुल म्हणाला. डॉक्टरांनी स्क्रीन बंद सांगितली आहे, वाचनही बंद. म्हणून हे पत्र. ते काकू तुला वाचून दाखवतील, हेही तुझ्या भावानेच सांगितलं. तेव्हा काकू, नमस्कार. मी उन्नती, तुमच्या मुलीची डबल्सची पार्टनर. अजून तसंच म्हणते, तुमची हरकत नसेल तर.

ऑगस्टमध्ये नागपूरच्या फायनलला माझ्या स्मॅशचं शटल तुझ्या उजव्या डोळ्यावर बसलं. तेव्हापासून आपण बोललेलो नाही. मुंबईला तुझ्या पडद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोनदा हॉस्पिटलात आले. दोन्ही वेळा तू झोपली होतीस. दोन्ही वेळा खरंच झोपली असशील असं मला वाटत नाही, पण ते राहू दे.

इथे सगळं ठीक आहे. आई बोंबील वाळत घालण्यात गुंतली आहे. तुला द्यायला तिने सुकटीची चटणी काढून ठेवली होती. मी म्हटलं, भाविकाच्या घरी चालत नाही. तर म्हणते, ‘‘झाकण घट लावलंय. वास बाहेर येयाचा नाय.’’ तरीही पाठवली नाही. काकूंनी मागे माझी किटबॅग जिन्यात ठेवायला लावली होती, ते मी विसरलेले नाही.

कमलेश सरांनी मला नवी पार्टनर दिली आहे. स्वाती, उमरोळीची, एकोणीस वर्षांची. पायात वेग आहे, नेटवर हात चांगला आहे. पण बोलते फार. आपल्या दोघींच्या मधे शटल आलं की आपण एकच शब्द टाकायचो, ‘माझं’ किंवा ‘तुझं’. ही म्हणते, ‘‘ताई, हे तू घे ना प्लीज.’’ वाक्य संपेपर्यंत शटल खाली पडलेलं असतं.

पण जमेल. हळूहळू जमतंय.

डोळ्याची काळजी घे.

तुझी
उन्नती


मुरबे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाविका,

दिवाळीत तुझ्याकडून काही निरोप येईल असं वाटलं होतं. मेहुल फरसाण देऊन गेला. ते काकूंनी पाठवलं होतं, तुझं नाव त्याने घेतलं नाही. फरसाण चांगलं होतं, काकू.

मागच्या पत्रात जमतंय म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. जमत नाही. आणि त्यात स्वातीचा दोष नाही.

काकू, तुम्हाला हे कळावं म्हणून थोडं सोपं करून लिहिते. डबल्समध्ये आपण चढाई करतो तेव्हा एक नेटजवळ वाकून उभी राहते आणि दुसरी मागे. समोरच्यांनी शटल उंच उचललं की मागची उडी मारून स्मॅश करते, म्हणजे वरून जोरात खाली मारते. तो कसाबसा परत आला, तर पुढची तो तिथेच संपवते. तुमची मुलगी कायम पुढे असायची आणि मी मागे. पुढचीसाठी नियम एकच, जो कमलेश सर पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतात: पुढच्याने मागे बघायचं नाही. नजर समोर. मागे काय चाललंय ते कानांनी ऐकायचं.

आता असं होतं. शटल उंच येतं. मी त्याच्याखाली जाऊन उभी राहते, हात मागे जातो, सगळं बरोबर होतं. तेवढ्यात स्वातीची मान दिसते, आणि मी न मारता ड्रॉप टाकते, शटल हळूच नेटपलीकडे सोडते. प्रत्येक वेळी. गेल्या आठवड्यात मुंबईला क्लबची स्पर्धा होती. समोरच्या दोघींना पहिल्याच गेममध्ये कळलं की ही मागची बाई मारतच नाही. मग त्या आरामात पुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या फेरीत बाहेर.

स्वातीला वाटतं, तिची उंची आड येते. म्हणून ती वाकते, आणखी वाकते. परवा ती इतकी वाकली की सर म्हणाले, ‘‘स्वाती, शटल खेळायला आली आहेस की लादी पुसायला?’’ ती म्हणाली, ‘‘सर, ताईला रस्ता मोकळा करून देतेय.’’ हॉलमधली सगळी पोरं हसली. मीही हसले. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले.

आई म्हणते, ‘‘काय गो, मारायचाच नाय तर जातेस कशाला बोयसरला रोज? बस फिरवायला?’’

सरांनी काल सरळ सांगितलं. राज्य निवड स्पर्धेची नावं वीस डिसेंबरला पाठवायची आहेत. ‘‘ड्रॉप टाकून राज्याच्या टीममध्ये जाता येत नाही, उन्नती. तोपर्यंत मारायला लाग, नाहीतर मला सांग. मी स्वातीला दुसरी पार्टनर देतो. तिची वर्षं तुझ्यासोबत फुकट नकोत.’’ ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला मात्र दुसरी पार्टनर मिळणार नाही. सत्तावीस वर्षांच्या, स्मॅश न करणाऱ्या मागच्या खेळाडूला कोण घेतं? नाव गेलं नाही, तर माझं खेळणं तिथेच संपलं. हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

तुझी
उन्नती


मुरबे
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाविका,

मेहुल म्हणाला, तू आता गॅलरीत येऊन बसतेस, आणि पत्र आलं की लगेच वाचायला लावतेस. म्हणजे ऐकतेस तरी. मग आता मी मूळ गोष्टीवर येते.

नागपूरचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. किती वेळा बघितला ते सांगत नाही. तिसरा गेम, मॅच पॉइंट आपला. त्यांनी शटल उचललं, माझ्या डाव्या बाजूला, मला हवं तिथे. मी उडी मारली. मी हवेत असताना तू उठलीस आणि वळलीस. मी हात थांबवू शकत नव्हते, हे तुला माहीत आहे. हे बॅडमिंटन खेळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. तरी लोक बोलले. ‘आंधळ्यासारखी मारते’ असं तुझ्या मामांनी हॉस्पिटलच्या बाकावर म्हटलं. मला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं.

पण मला त्यांच्याशी घेणं नाही. माझा प्रश्न तुला आहे.

तू का वळलीस?

आधी सराव करायचो त्या शाळेच्या हॉलमध्ये छताचा पत्रा वाऱ्याने वाजायचा तेव्हा तू वळली नाहीस. काठमांडूला माझ्या रॅकेटची तार तुटून बंदुकीसारखा आवाज झाला, तेव्हाही नाही. पुण्याला मी मागे घसरून आपटले, सगळं स्टेडियम ओरडलं, आणि तू रॅली संपवून मगच माझ्याकडे आलीस. ‘‘पॉइंट घेतला, आता रड,’’ म्हणालीस. मग त्याच दिवशी, त्याच शटलला का?

मी याचं उत्तर माझ्या मनाने शोधून बघितलं. मला एकच सापडतं. तुझा माझ्यावरचा भरवसा गेला होता. मी पोचणार नाही, किंवा चुकीचं मारेन, असं तुला वाटलं. आणि तसं असेल, तर आठ वर्षं माझ्या पुढे उभ्या राहिलेल्या माणसाला जे वाटलं ते खरंच असणार. मग स्वातीला तिथे उभी करण्याचा मला हक्क नाही. कुणालाच नाही.

तू ‘हो’ म्हणालीस, तरी चालेल. मी सरांना सांगेन आणि मोकळी होईन. फक्त उत्तर दे. मेहुलकडे एका शब्दात सांगितलंस तरी पुरे.

उन्नती


मुरबे
८ डिसेंबर २०२५

चंद्रकांता काकूंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच आहे. मोठ्याने वाचू नका.

काल बोईसरच्या एसटी स्टँडवर मेहुल भेटला. मी त्याला म्हटलं, भाविकाने माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तर नाही दिलं, पण ‘देत नाही’ एवढं तरी कळवायचं. तो म्हणाला, ‘‘कुठला प्रश्न?’’ मग त्याचा चेहरा पडला. तो सांगायला तयार नव्हता. मी त्याला कटिंग चहा पाजला, तेव्हा बोलला. ‘‘दीदी, मम्मी ते वाचतच नाही. नागपूर आलं की थांबते, चष्मा पुसते, आणि डायरेक्ट स्वातीवर येते.’’ मागच्या पत्रात तर स्वाती नव्हतीच जवळजवळ. मी विचारलं, मग काय वाचलं? तो म्हणाला, ‘‘मम्मीने मनाने बनवलं. तुमच्या आईने बोंबलाचे पापड केले म्हणून सांगितलं.’’

काकू, बोंबलाचे पापड नसतात.

मी तुमच्यावर चिडलेली नाही. चिडले होते, काल उमरोळीच्या फाटकापर्यंत. मुलीला रात्री झोप लागत नाही, आणि तिला ते पुन्हा आठवू नये असं तुम्हाला वाटलं. माझ्या आईनेही हेच केलं असतं, फक्त तिने पत्रच चुलीत घातलं असतं. पण तिकडे ती गप्प आणि इकडे मी गप्प. आमच्या मधे तुम्ही तिसरी पार्टनर झालात, आणि डबल्समध्ये तिसरी चालत नाही.

शनिवारी सकाळी मी येतेय. तुम्ही दार उघडलं नाहीत, तर समोरच्या पांडेभाभींकडे बसेन. त्या मला चहा देतात आणि तुमच्याबद्दल सगळं सांगतात.

तुमची
उन्नती


मुरबे
१६ डिसेंबर २०२५

प्रिय भाविका,

आता तू थोडं थोडं स्वतः वाचतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. डोळा दुखला तर ठेवून दे, उद्या वाच.

शनिवारी घरी आल्यावर आईने विचारलं, ‘‘काय बोलली ती?’’ मी तिला सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते, म्हणजे माझ्या डोक्यात काय शिरलं ते तुला कळेल. चुकलं असेल तर सांग.

दार काकूंनीच उघडलं. माझी बॅग हातात घेतली आणि जिन्यात नाही, आत ठेवली. तू गॅलरीत होतीस, काळा चष्मा लावून. म्हणालीस, ‘‘आलीस? बस. एवढी पत्रं लिहिलीस, सगळ्यात स्वाती आणि मासे. मला वाटलं, ही मला कधी विचारणारच नाही.’’

‘‘काय विचारणार नाही?’’

‘‘मी का वळले ते.’’

स्वयंपाकघरात काकूंच्या हातून काहीतरी पडलं.

मग तू सांगितलंस. तारापूरच्या कंपनीतल्या लॅबची नोकरी. नागपूरच्या आठवडाभर आधी तुला बोलावणं आलं होतं. शिफ्ट ड्युटी. म्हणजे खेळ बंद. ‘‘ती माझी शेवटची मॅच होती गं. जिंकल्यावर संध्याकाळी जेवताना सांगणार होते.’’

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, ‘‘तू फायनल रडत खेळली असतीस. तुला नाक पुसत सर्व्हिस करताना बघितलंय मी.’’

आणि मग ते. तू म्हणालीस, ‘‘आठ वर्षं लोक तुझ्या स्मॅशवर ओरडतात. गॅलरीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, काय मारते. मी पाठमोरी. मला नुसता आवाज. प्रॅक्टिसला समोर असले, तर शटल बघू की तुला बघू? आणि व्हिडिओत तू मुंगीएवढी. मॅच पॉइंट होता. शटल इतकं उंच आलं की मला माहीत होतं, आता हे संपलं. मला वाटलं, एकदा बघून घेऊ.’’

मी मग विचारलं, ‘‘दिसला का?’’

‘‘अर्धा. तू वर होतीस. हात पूर्ण मागे गेला होता आणि पाय... पाय खालीच नव्हते. छान होतं. त्याच्यापुढचं नाही दिसलं.’’

त्यानंतर मी तुला जे म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. काकू बाहेर आल्या तेव्हा मला वाटलं, आता मला हाकलतात. पण त्या तुझ्यावर सुटल्या. ‘‘एवढी वर्षं सर घसा फोडून सांगतात, मागे बघू नको, मागे बघू नको! आणि ही बाई तमाशा बघायला वळली! आणि मी हिच्यासाठी पापड तळते कागदावर!’’ ते पापड काकूंच्या मनातले होते हे तुला माहीतच नव्हतं, म्हणून ते आधी तुला समजावून सांगावं लागलं. मग तू हसायला लागलीस आणि काकू रडायला. तू म्हणालीस, ‘‘मम्मी, डोळा माझा फुटला, तू का रडतेस,’’ तेव्हा त्यांनी तुला लाटणं दाखवलं.

हॉस्पिटलात तू झोपेचं सोंग का घेतलंस, तेही सांगितलंस. मामा मला बोलत होते आणि तू गप्प राहिलीस. खरं सांगितलं तर तू मूर्ख ठरणार, वर नोकरीचं बाहेर येणार. एक दिवस गप्प राहिलीस, की दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड. ते मला समजतं. नोकरीचं लपवलंस, ते नाही समजत. त्याचा राग अजून आहे. तो मी बाजूला ठेवला आहे, तू बरी झालीस की काढेन. जानेवारीत कंपनीची मेडिकल आहे म्हणालीस. पास होशील. एका डोळ्याने तू अजूनही माझ्यापेक्षा चांगली रेघ बघतेस.

आईने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘म्हनजे भरवसा व्हता तिचा.’’ मी म्हटलं, हो. ‘‘मंग आता तू कशाला घाबरतेस?’’ आणि ती बोंबील उलटायला निघून गेली.

काल हॉलमध्ये गेले. स्वाती आधीच नेटजवळ जाऊन वाकली होती. मी तिला बाहेर बोलावलं. म्हटलं, आज तू खेळायचं नाहीस. रेघेबाहेर उभी राहा आणि मला बघ. हॉलमधल्या एका पोराला, कुंदनला, पलीकडून शटल उंच द्यायला सांगितलं आणि मी मारायला लागले. पुढे कुणी नव्हतं, तेव्हा हात सहज येत होता. स्वाती आधी उजवीकडून बघत होती, मग मी तिला मागे उभं केलं, मग डावीकडे. शटलचा डबा संपला, की आम्ही गोळा करायचो आणि पुन्हा. कमलेश सर आले. म्हणाले, ‘‘ही आरती कसली चालली आहे?’’ मी म्हटलं, ‘‘सर, हिला सगळं दाखवून टाकते. म्हणजे हिचं काही बघायचं राहणार नाही.’’ त्यांना काय समजलं ते माहीत नाही. मामांना सोडून तू सगळ्यांना खरं सांगून टाक, असं शनिवारी म्हणालीस. तरी सरांना मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तिसऱ्या डब्याला स्वाती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘ताई, बस ना आता. झोपेतसुद्धा तू उड्या मारताना दिसशील. खेळूया की नाही?’’

ती पुढे गेली. पहिलं शटल उंच आलं. मी मारलं, नेटमध्ये. दुसरं बाहेर. तिसऱ्याला तिची मान दिसली, आणि मी मारलं. शटल तिच्या खांद्यावरून गेलं, समोरच्या पोराने कसंबसं परत टाकलं, आणि स्वातीने ते तिथल्या तिथे खाली दाबलं. वळली नाही. रॅली संपल्यावरही वळली नाही, समोरच बघत म्हणाली, ‘‘हे तू आधी का नाही मारलंस गं?’’ पूर्ण वाक्य.

नंतरही दोन वेळा मी ड्रॉप टाकला. हे एका दिवसात जाणार नाही. पण सरांनी संध्याकाळी स्वातीचं आणि माझं नाव लिहून पाठवलं. वीस तारखेची वाट नाही बघितली. निवड होईल की नाही ते तिथे कळेल. पुण्याच्या मुली यंदा चांगल्या आहेत.

रविवारी सकाळी आम्ही पूर्ण मॅच खेळणार आहोत, मुलांच्या जोडीशी. मेहुलला घेऊन ये. कोर्टाच्या उजव्या बाजूला, मागच्या रेघेच्या सरळ रेषेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवते. नेटकडे तोंड करून बसलीस, की तुझा डावा, चांगला डोळा माझ्याकडे राहील.

उन्नती